नागिणीनंतरचे सतिपट्ठान

पन्नाशी ओलांडल्यानंतर मला नागीण झाली. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या शरीरात त्या रोगाचा विषाणू कण्याजवळच्या मज्जापेशींच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा त्वचेपर्यंत येतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले. माझ्या बाबतीत ती वाट डाव्या बरगड्यांवरून जाणारी होती; कण्यापासून छातीच्या मध्यापर्यंत फोडांचा पट्टा उठला. चोडण बेटावरील आमच्या वाड्यात नागिणीचे तोंड आणि शेपटी एकमेकांना मिळाली की माणूस वाचत नाही, अशी समजूत अजून टिकून आहे आणि गेरूचा लेप सुचवणारेही पुष्कळ भेटले. हा पट्टा एका बाजूच्या मज्जातंतूपुरता मर्यादित असल्यामुळे तो सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही, असे कळल्यावर ती भीती तरी गेली. फोड सुकले, खपल्या पडल्या, त्वचा जवळपास पूर्ववत झाली. वेदना मात्र तशीच राहिली.

फोड बरे झाल्यावरही तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या वेदनेला वैद्यकात पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. तिचा विचित्रपणा असा की कपड्याचा निसटता स्पर्श सहन होत नाही, पण त्याच जागी तळहात घट्ट दाबून धरला तर थोडे बरे वाटते. जळजळ सतत असते आणि मधूनच, काही कारण नसताना, कुणी सुई खुपसल्यासारखी कळ येते. डॉक्टरांनी प्रेगाबालिन सुरू केले; त्याने वेदनेची धार कमी झाली आणि दिवसभर डोळ्यांवर झापड राहू लागली. ही वेदना बहुधा हळूहळू ओसरेल, पण कधी ते सांगता येणार नाही, तोवर तिच्यासह राहायला शिकावे लागेल, असे ते म्हणाले. राहायला शिकायचे म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ते शोधताना मी जे केले, त्याची ही हकीकत आहे.

मी पणजीतील एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक आहे. दुपारी फेरीबोटीने रायबंदरला उतरायचे, तिथून बसने पणजी गाठायची आणि रात्री पाने सोडून झाली की त्याच वाटेने परत यायचे, असा माझा दिनक्रम आहे. बुद्धाकडे मी श्रद्धेने वळलो नाही. ऑक्टोबरात धर्मानंद कोसंबी यांच्या जयंतीनिमित्त आलेल्या एका लेखाचे प्रूफ माझ्यापुढे पडले, हे त्याचे निमित्त. सांकवाळला 1876 मध्ये जन्मलेला हा मुलगा मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून अस्वस्थ होतो, 1899 मध्ये घर सोडून पुणे, काशी, नेपाळ असा भटकत 1902 मध्ये सिंहलद्वीपात श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्खू, होतो आणि पुढे हार्वर्डमध्ये बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाला बसतो, ही हकीकत गोव्यातील शाळांत शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. मीही ऐकली होती, तेवढ्यावरच सोडली होती. त्या वेळी मात्र पाटोवरील मध्यवर्ती ग्रंथालयातून कोसंबींची पुस्तके आणली आणि त्यांचा हात धरून मूळ सुत्तांच्या, म्हणजे बुद्धाच्या पाली प्रवचनांच्या, मराठी अनुवादांपर्यंत पोहोचलो.

सारनाथच्या पहिल्या प्रवचनात दुःखाची जी व्याख्या येते, ती मी मुद्रितशोधकाच्या सवयीने, शब्दावर बोट ठेवून वाचली. जन्म, जरा, व्याधी, मरण. अप्रियाशी गाठ पडणे, प्रियापासून ताटातूट होणे, इच्छिलेले न मिळणे. आणि थोडक्यात सांगायचे तर पाच उपादानस्कंध, म्हणजे रूप, वेदना (पालीत सुखद-दुःखद अशी कोणतीही संवेदना), संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांना ‘मी’ आणि ‘माझे’ म्हणून धरून ठेवणे. ‘सगळे जीवन दुःखमय आहे असे बुद्ध म्हणतो’ या प्रचलित वाक्याने जी उदास छाया मनावर पडते, तिचा या यादीत मागमूस नाही. तिच्यात हळहळ नाही, उपदेशही नाही; एखाद्या वैद्याने रोग्याला तपासून टिपण करावे, तशी ती आहे. माझी वेदना त्या टिपणात तीन ठिकाणी बसत होती: व्याधी म्हणून, नको असलेल्या गोष्टीशी पडलेली गाठ म्हणून, आणि ती जावी ही इच्छा पुरी होत नाही म्हणून. पहिल्या नोंदीवर औषध चालू होते. उरलेल्या दोन नोंदींना माझ्याजवळ काहीच उपाय नव्हता आणि मी त्यांना वेगळे म्हणून कधी ओळखलेही नव्हते.

पाली वाङ्मयात दुःखाचे तीन प्रकारही सांगितले आहेत. दुःखदुःखता म्हणजे सरळ सरळ दुखणे. विपरिणामदुःखता म्हणजे जे सुखद आहे ते पालटणार, यातले दुःख. संस्कारदुःखता म्हणजे घडलेली प्रत्येक गोष्ट इतर गोष्टींच्या आधारावर उभी असल्यामुळे तिच्यावर कायमचे विसंबता येत नाही, ही अवस्था. यांतील दुसरा प्रकार मला पुस्तकात कळण्याआधी अंगावर कळला होता. अधूनमधून एखादा तास असा येई की जळजळ जवळजवळ थांबलेली असे, आणि तो तास मी ती परत कधी सुरू होते याची वाट पाहण्यात घालवत असे. दुखत नसतानाचे हे दुःख कोणत्याही गोळीच्या आवाक्यात येण्यासारखे नव्हते.

संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहातील सल्लत्थ सुत्ताने या सगळ्याला हातात धरता येईल असा आकार दिला. एखाद्याला बाण लागावा आणि पाठोपाठ दुसराही लागावा, तसे अशिक्षित मनाच्या माणसाचे होते, असे तिथे बुद्ध सांगतो. शरीराच्या वेदनेवर तो शोक करतो, ऊर बडवतो, आणि अशा रीतीने एकाऐवजी दोन वेदना भोगतो. हा दृष्टान्त आता इतका वापरला गेला आहे की ऐकणारा पुढचे ऐकतच नाही. पण त्याच्या पुढचे वाक्य मला अधिक उपयोगी वाटले. दुःखद वेदनेने ग्रासलेला असा माणूस इंद्रियसुखाकडे धावतो, कारण त्या वेदनेतून सुटण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊकच नसतो. रात्री कळ आली की हात आपोआप मोबाइलकडे जातो, डोळ्यांसमोरून चित्रफिती सरकत राहतात आणि तासाभराने डोळे दुखायला लागतात, याचे इतके नेमके वर्णन अडीच हजार वर्षांपूर्वीचे असावे, याचे मला आश्चर्य वाटले.

त्यानंतर मी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. मडगावहून रेल्वेने कल्याण आणि तिथून घाट चढून इगतपुरी असा प्रवास. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली पद्धत 1969 मध्ये भारतात आणली आणि 1976 पासून इगतपुरीचे केंद्र चालू आहे. या शिबिरांविषयी पुष्कळांनी लिहिले असल्यामुळे पहाटे चारची घंटा, आर्यमौन, संध्याकाळची प्रवचने, नव्या साधकाला पाच वाजता मिळणारा चहा आणि फळ, यांचे वर्णन मी करत बसत नाही. प्रवेशअर्जात आजाराची आणि औषधांची माहिती द्यावी लागते, ती मी दिली होती आणि औषध चालू ठेवले होते, एवढे मात्र सांगितले पाहिजे. दीर्घ आजार असलेल्याने ते लपवून जाऊ नये.

पहिले साडेतीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचे असते. श्वासाची लांबी-आखूडपणा आपण ठरवायचा नाही, आहे तो जाणायचा. चौथ्या दिवसापासून लक्ष डोक्याच्या शेंड्यापासून पायाच्या बोटांपर्यंत एकेका अवयवावरून फिरवायचे आणि तिथे जी संवेदना असेल ती सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली म्हणून ओळखून, तिच्यावर प्रतिक्रिया न देता पुढे जायचे. इतर साधकांच्या तक्रारी गुडघ्यांच्या आणि कमरेच्या होत्या. माझे लक्ष डाव्या काखेखाली उतरले की तिथेच अडकून पडे, किंवा त्या पट्ट्याला वळसा घालून एकदम पोटावर येई. सहायक आचार्यांना भेटून हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “त्या जागेला मान देऊ नका आणि टाळूही नका. उजव्या बरगडीवर जितका वेळ देता, तितकाच डाव्या बरगडीवर द्या.” हे ऐकायला सोपे वाटते. करायला गेल्यावर ध्यानात आले की गेले कित्येक महिने माझ्या शरीरात उजवी बरगडी नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती.

तासभर हात-पाय न हलवता बसण्याच्या अधिष्ठानाच्या बैठकांत, शिबिराच्या शेवटाकडे, त्या वेदनेचे तुकडे पडलेले मी पाहिले. ‘जळजळ’ या एका नावाखाली मी उष्णता, टोचणी, ताण आणि एक प्रकारचा कंप हे सारे बांधून ठेवले होते. शिवाय मधे मधे काहीच नसलेल्या जागा होत्या, ज्यांची मी कधी दखल घेतली नव्हती. वेदना कमी झाली असे म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. ती एकसंध राहिली नाही. ‘जे काही उत्पन्न होण्याच्या स्वभावाचे आहे ते सर्व नाश पावण्याच्या स्वभावाचे आहे’, हे पहिल्या प्रवचनाच्या शेवटी कौंडिण्याला उमगलेले वाक्य मी तोवर तत्त्वज्ञानाचे म्हणून वाचले होते. आता ते निदान एका बरगडीपुरते तरी अनुभवाचे झाले.

घरी परतल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, अशी सूचना असते. संध्याकाळ माझी प्रूफांची. ती बैठक पहिल्यापासूनच शक्य नव्हती. सकाळची बैठक पावसाळा लागेपर्यंत टिकली. नंतर ओल्या हवेत ठणका वाढला, त्यातच आईची प्रकृती बिघडली आणि मग दिवसाचा असा एकही तास उरला नाही की जो माझा म्हणता येईल. माझ्या हकीकतीचा खरा भाग इथून सुरू होतो, कारण साधनेचे काय करायचे हा प्रश्न आता पाटाशी आणि उशीशी संबंधित राहिला नाही.

मी सतिपट्ठान सुत्त पुन्हा काढले. कुरुदेशात कम्मासधम्म या गावी सांगितलेल्या या सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धर्म अशा चार गोष्टींकडे सजगतेने पाहण्याचा मार्ग आहे. श्वासाचा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतर येणारा संप्रजन्याचा, म्हणजे पूर्ण भान ठेवून वागण्याचा, भाग मात्र वाचणारे घाईने ओलांडतात. पुढे जाताना आणि मागे येताना, पाहताना आणि वळून पाहताना, हात-पाय आखडताना आणि पसरताना, संघाटी, पात्र आणि चीवर धारण करताना, खाताना, पिताना, चावताना, चव घेताना, मलमूत्र विसर्जन करताना, चालताना, उभे राहताना, बसताना, झोपताना, जागे असताना, बोलताना आणि गप्प राहताना, जे चालले आहे ते पूर्ण जाणून करणारा तो भिक्खू, असे तिथे म्हटले आहे. या यादीत बसून ध्यान करणे हे अनेकांतले एक आहे. आणि तिच्यात चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, धारण करणे आहे. मला दिवसातला सर्वांत अवघड प्रसंग शर्ट घालण्याचा होता.

तेव्हा मी शर्ट घालणे हीच साधना म्हणून घेतली. सांगायला थोडे हास्यास्पद वाटते, पण त्या अर्ध्या मिनिटात जे घडते ते तपशिलाने पाहिल्यावर मला सल्लत्थ सुत्त जितके कळले, तितके ते वाचून कळले नव्हते. शर्ट खुंटीवरून काढतानाच डावा खांदा वर चढतो. श्वास रोखला जातो. कापड अजून अंगाला लागलेलेही नसते आणि पोटाचे स्नायू आवळलेले असतात. मग बाहीत हात जातो, कापड बरगड्यांवरून सरकते आणि पेट घेतल्यासारखी जळजळ उठते. तिच्या पाठोपाठ, जवळजवळ तिला चिकटूनच, एक वाक्य येते: ‘अजून किती दिवस?’ त्या वाक्याच्या मागून चीड येते, आणि ती चीड कुणावर तरी बसायला जागा शोधते; डॉक्टरांवर, वयावर, इस्त्री कडक करणाऱ्यावर.

हे सगळे मी आधी एक घटना म्हणून भोगत होतो. रोज तेच पाहत गेल्यावर त्यातले सांधे दिसू लागले. जळजळीची मूळ लाट चार-सहा श्वासांत ओसरते; पण ‘अजून किती दिवस’ हे वाक्य फेरीबोट रायबंदरला लागेपर्यंत सोबत येते. खांदा वर चढलेला ध्यानात आला तर तो खाली सोडता येतो; रोखलेला श्वास ध्यानात आला की तो आपोआपच सुटतो; आणि वाक्य उठले तर ‘वाक्य उठले’ एवढे ओळखून बटण लावता येते. जळजळ तेवढीच राहते. तिला वेदना म्हणून जाणणे आणि तिच्याविषयी तक्रार तयार होणे, यांच्यामध्ये एक अगदी अरुंद फट आहे. एरवी तिथून काहीच जाऊ शकत नाही असे वाटते, पण सरावाने तिथे उभे राहण्यापुरती जागा मिळते. हे रोज साधते असा दावा नाही. घाईच्या दिवशी मी शर्ट घातल्याचेच मला बसमध्ये आठवते.

या कामी माझ्या पेशाचा उपयोग झाला. प्रूफ वाचताना मजकुरात गुंतला तो संपला, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. बातमी कितीही भयंकर असली तरी वेलांटी वेलांटी म्हणून, रफार रफार म्हणून पाहावा लागतो. उदान या पाली ग्रंथात बाहिय दारुचीरियाची कथा आहे. हा बाहिय सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर राहत असे, म्हणजे आपल्याच कोकणपट्टीचा. तो बुद्धाला भेटण्यासाठी श्रावस्तीपर्यंत गेला आणि भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धाला रस्त्यात अडवून उपदेश मागू लागला. ही वेळ नव्हे, असे दोनदा सांगूनही तो ऐकेना, तेव्हा मिळालेला उपदेश एवढाच: पाहिलेल्यात केवळ पाहिलेले असावे, ऐकलेल्यात केवळ ऐकलेले, जाणवलेल्यात केवळ जाणवलेले, मनाने जाणलेल्यात केवळ जाणलेले. थोड्याच वेळात वासरू बरोबर असलेल्या एका गाईने त्याला धडक देऊन मारले. पण तेवढ्या वेळात त्याचे काम झाले होते. प्रुफाच्या टेबलाशी हे मला जवळचे वाटते. फक्त एक सावधगिरी सांगितली पाहिजे. माझ्याकडे रोज संध्याकाळी निधनवार्ताही येतात: नाव, वय, गाव, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. अनेक वर्षे मी त्या केवळ अक्षरे म्हणून वाचल्या आणि त्याला अलिप्तता समजणे सोपे होते. परंतु ते केवळ बधिरपण होते. सजग माणसाला वेलांटीही दिसते आणि ही वार्ता उद्या कोणत्या घरात कात्रण करून ठेवली जाणार आहे, याचीही जाणीव राहते. आता त्या रकान्यापुरते मी मरणस्मृतीचे वाक्य मनात म्हणतो आणि मग नावाचा ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासतो.

याच सुमारास ओळखीच्यांनी मोबाइलवरची ध्यानाची ॲप्स सुचवली. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घ वेदनेच्या रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून ही सारी शाखा वाढली. तो उपक्रम गंभीर होता आणि माझ्यासारख्यांसाठीच होता. परंतु ॲपमध्ये त्याचे जे रूप उरले आहे, त्यात दुःखाचा उच्चारही टाळलेला असतो. मागे पाण्याचा आवाज, पुढे एक मृदू स्त्रीस्वर, आणि उद्या ऑफिसात तुमची कार्यक्षमता वाढेल असे आश्वासन. स्मृती, म्हणजे सजगता, हा बुद्धाच्या अष्टांगिक मार्गाचा सातवा भाग आहे. त्याच्या आधी सम्यक् दृष्टीपासून सम्यक् व्यायामापर्यंत, म्हणजे योग्य प्रयत्नापर्यंत, सहा आहेत, त्यांत वाचा, कर्म आणि उपजीविका आहे. ती सहा काढून टाकली तर नेमबाजी करणारा सैनिकही सजगच ठरेल.

हे मत मी कार्यालयात बोलून दाखवले, तेव्हा आमच्या पानमांडणी विभागातील एक सहकारी हसला. तो मूळचा अकोल्याचा, नोकरीसाठी गोव्यात आलेला, घरात आजोबांपासून बौद्ध. तो म्हणाला, “काका, तुम्ही बुद्धाकडे बरगडीसाठी आलात. आमच्या आजीचं दुःख बरगडीत नव्हतं, पाणवठ्यावर होतं. तिला कुणी श्वास बघायला सांगितलं असतं तर?” मग त्याने मला डॉ. आंबेडकरांच्या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची प्रस्तावना वाचायला लावली. तिथे बाबासाहेबांनी सरळ विचारले आहे की जन्म दुःख, जरा दुःख, मरण दुःख असेल तर माणसाला आशा कोणती, आणि चार आर्यसत्ये या रूपात मूळ उपदेशातली आहेत की नंतर भिक्खूंनी घातलेली आहेत. पुढे ग्रंथात धम्माचा केंद्रबिंदू माणूस आणि माणसाचे माणसाशी असलेले नाते हा आहे, आणि दैन्य-दारिद्र्यात जगणाऱ्या माणसांचे दुःख नाहीसे करणे हाच धम्माचा हेतू आहे, असे ते मांडतात.

या आक्षेपाला मी अजून पुरे उत्तर देऊ शकलेलो नाही आणि देण्याची घाईही नाही. आर्यसत्यांविषयीच्या शंकेत मी बाबासाहेबांबरोबर जात नाही. माझ्यापुरती ती यादी आशेचीच ठरली, कारण ज्याचे कारण सांगता येते त्यावर काही करता येते. पण सहकाऱ्याच्या मुद्द्याचा दुसरा भाग मला मान्य करावाच लागतो. दोन बाणांचा दृष्टान्त ज्याला स्वतःला बाण लागला आहे त्याने स्वतःपुरता वापरावा. पहिला बाण दुसऱ्या माणसाने मारलेला असेल आणि तो अजून धनुष्य घेऊन उभा असेल, तर जखमी माणसाला दुसऱ्या बाणाविषयी प्रवचन देणे हा अन्याय आहे. आमच्या गावच्या जेवणावळींत कोणाची पंगत कुठे बसे, हे मी लहानपणी पाहिले आहे. त्या दुःखाचे मूळ सोसणाऱ्याच्या तृष्णेत नव्हते. दुसऱ्याच्या लोभात, द्वेषात आणि मोहात होते, आणि या तिघांनाही बुद्धाने अकुशलाची मुळे म्हटलेले आहे.

या चर्चेतून माझ्या सरावाला एक वळण मिळाले. तोवर मी कायेकडे आणि वेदनेकडे पाहत होतो. चित्तानुपश्यना, म्हणजे चित्त सराग आहे की वीतराग, सद्वेष आहे की वीतद्वेष हे जाणणे, मी पुढच्या इयत्तेसाठी ठेवली होती. आईमुळे ती लगेच सुरू करावी लागली. आईची ऐंशी उलटली आहे आणि तिला ऐकू कमी येते. रात्री घरात पाऊल ठेवले की फेरी वेळेवर मिळाली का, असे ती विचारते. उत्तर दिले तरी थोड्या वेळाने पुन्हा विचारते. ठणका असलेल्या रात्री दुसऱ्या प्रश्नाला माझा आवाज चढतो. शर्टाच्या वेळचीच चीड इथे येऊन बसते, हे पाहायला मिळाल्यावर वेदना शरीरातून वाणीत कशी उतरते आणि एका माणसाच्या व्याधीचे दुसऱ्या माणसाचे दुःख कसे होते, याचा मार्ग स्पष्ट दिसू लागला. सहकारी म्हणतो ते माणसामाणसांतले दुःख माझ्या पडवीत होते.

आता धक्क्यावर फेरीची वाट पाहताना मी श्वास मोजत नाही. मांडवीच्या पलीकडून दिवा हलताना दिसेपर्यंत चित्त कसे आहे एवढेच तपासतो, म्हणजे घरी पोहोचण्याआधी मला माझी अवस्था ठाऊक असते. गोळीची झापड आणि पाच नीवरणांपैकी, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांपैकी, थीनमिद्ध नावाचे मनाचे जडपण यांतला फरक मला याच वेळी कळू लागला: झापड असूनही कुतूहल राहू शकते, थीनमिद्धात ते राहत नाही. एखादे वाहन रांग मोडून पुढे घुसते, तेव्हा उठणारा व्यापाद, म्हणजे द्वेषभाव, फार स्वच्छ दिसतो. अभ्यासाला ते उत्तम साहित्य आहे. आणि आईने दुसऱ्यांदा विचारले की मी तिच्यासमोर जाऊन, तोंड तिला दिसेल असे बसून उत्तर देतो. तिसऱ्यांदा ती सहसा विचारत नाही. तिला उत्तर ऐकूच येत नव्हते, ही साधी गोष्ट त्याआधी कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

सहकाऱ्याला मी संयुत्तनिकायातील सेदक सुत्त दाखवले. बांबूवर कसरत करणारा डोंबारी आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, नाही, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो. बुद्ध शिष्याचे म्हणणे योग्य ठरवतो आणि पुढे दोन्ही जोडतो: साधनेने स्वतःला राखणारा इतरांना राखतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री, अनुकंपा यांनी इतरांना राखणारा स्वतःला राखतो. सहकाऱ्याला सुत्ताचा दुसरा भाग आवडला, मला पहिला. गोव्यात बुद्ध कुठे आहे, असे त्याने एकदा विचारले तेव्हा मी त्याला कोलवाळजवळच्या मुशीर येथे फादर हेरास यांना 1930 मध्ये सापडलेल्या बुद्धमूर्तीबद्दल सांगितले. ती मुंबईला गेलेली आहे, हे कळल्यावर तो म्हणाला, “म्हणजे कोसंबींसारखीच.”

माझी वेदना आता पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे आणि डॉक्टरांनी प्रेगाबालिनची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली आहे. याचे श्रेय मी ध्यानाला देत नाही. हा विकार अनेकांच्या बाबतीत काळाने ओसरतो आणि औषधाने आपले काम केले. ज्यांना ही वेदना नव्याने झाली असेल त्यांनी आधी डॉक्टरांकडेच जावे. आजारी, वृद्ध नकुलपित्याला बुद्धाने सांगितले होते की शरीर आतुर असले तरी माझे चित्त आतुर होणार नाही, असे शिकत राहा. त्यात शरीर बरे होण्याचे वचन कुठेही नाही.

पाने लवकर सुटली तर मी आणि तो सहकारी कँटीनमध्ये बसून सतिपट्ठान सुत्ताचा एखादा परिच्छेद पालीसह वाचतो. सध्या वेदनानुपश्यनेवर आहोत. तिथे सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेल्या वेदनांचे पुन्हा सामिष आणि निरामिष असे भाग केले आहेत. इंद्रियभोगांशी बांधलेली ती सामिष, असा अर्थ मी लावतो, आणि मग दुसऱ्यावरचा अन्याय पाहून होणारी वेदना निरामिष ठरते. तो म्हणतो, अन्याय पाहून होणारा त्रास कशाला निरामिष म्हणायचा, तो तर अगदी देहाचा, भाकरीचा आणि पाण्याचा आहे. पुढच्या वेळी तो अट्ठकथेचा, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या पाली भाष्याचा, मराठी अनुवाद घेऊन येणार आहे.